क्रॉफर्डचे मामलेदार आणि आपले नळ

'देणारे आहेत म्हणून घेणारे आहेत' हे वाक्य आपल्या व्याख्यानमालांत हमखास टाळ्या घेते. अलीकडे पुण्यात ते एका निवृत्त सनदी अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकले. विषय होता शहरांचे पाणी आणि सांडपाणी. नळजोडणी लवकर हवी म्हणून लोक पैसे सरकवतात, मोटार लावून शेजाऱ्याचे पाणी ओढतात, टँकरवाल्याला पोसतात. मग महापालिकेला नावे का ठेवायची, असा त्यांचा सवाल. उपाय दोन. अर्ज ऑनलाइन करा आणि लाच देणाऱ्यालाही आत टाका.

दुसरा उपाय कायद्यात आलेलाच आहे. 2018च्या दुरुस्तीने लाच देणे हा स्वतंत्र गुन्हा झाला. शिक्षा सात वर्षांपर्यंत. बळजबरीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवायचे. नळाचे काम अर्धवट पडलेले असताना आठवड्याच्या आत तक्रार गुदरणारा नागरिक वक्त्यांनी कुठे पाहिला असेल, तर पुढच्या वर्षी त्याचेच व्याख्यान ठेवावे.

सभागृहात कुणाला आर्थर क्रॉफर्ड आठवला नाही, याचे मात्र नवल वाटले. पुण्यात तरी आठवायला हवा होता. हा मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर, 1865 सालचा. कर्तबगार माणूस. शहराची साफसफाई त्याने अंगावर घेतली, मंडई उभारली, पैसा पाण्यासारखा खर्च केला आणि अखेर करदात्यांच्या संतापापायी 1871मध्ये त्याला पायउतार व्हावे लागले. पुढे तो पुण्याला मध्य विभागाचा कमिशनर म्हणून आला. 1888मध्ये बोभाटा झाला, की साहेब हणमंतराव जहागीरदार नावाच्या मध्यस्थामार्फत मामलेदारांकडून पैसे घेतात. बढती हवी, पैसे. बदली हवी किंवा टाळायची आहे, पैसे.

मुंबई सरकारने मामलेदारांना अभय दिले: खरे सांगा, तुम्हाला धक्का लागणार नाही. त्यांनी सांगितले. चौकशी आयोगाने क्रॉफर्डला लाचखोरीतून सोडवले, हाताखालच्यांकडून कर्ज घेतल्याचा ठपका तेवढा ठेवला. नोकरी गेली ती त्यापायी. मग विलायतेत ओरड सुरू झाली, की लाच देणारे लोक न्यायदानाच्या खुर्चीवर राहतातच कसे? सरकारने शब्द फिरवला आणि कबुली देणाऱ्यांपैकी काही मामलेदारांना घरी बसवले. त्यांच्या बाजूने उभे राहिले ते टिळक. 1889मध्ये पुण्यात जाहीर सभा झाली, केसरीने प्रकरण लावून धरले. टिळकांना लाचेचे कौतुक होते असे कुणी म्हणणार नाही. वरिष्ठाने गळ्याला दोर लावून घेतलेला पैसा आणि अभयाच्या भरवशावर दिलेली जबानी, या दोन्हींचा दंड देणाऱ्यानेच का भरावा, एवढाच मुद्दा होता. लोकमान्यांचे नाव उठताबसता घेणाऱ्या शहरात सव्वाशेहून अधिक वर्षांनी 'देणाराही चोर' या वाक्याला टाळ्या पडतात.

टिळकांचाच युक्तिवाद 2011मध्ये कौशिक बसू यांनी गणिती शिस्तीने मांडला. तेव्हा ते केंद्र सरकारचे मुख्य आर्थिक सल्लागार होते. जे हक्काचे आहे त्यासाठी उकळलेली लाच देणे गुन्हा मानू नका, घेणाऱ्याचा दंड वाढवा, पैसे परत मिळण्याची सोय करा. म्हणजे काम होताच देणारा उलटेल आणि या भीतीने घेणारा हात आवरेल. टीका भरपूर झाली, सरकारने उलट दिशा धरली. मला ही मांडणी फार आवडते. पण ती नळापर्यंत नेली की तुटते, आणि ती कुठे तुटते हे बघण्यासारखे आहे.

मुंबईतल्या एखाद्या वस्तीत पाच-दहा घरे मिळून एक जोडणी मागतात. गटाचा एक सेक्रेटरी असतो. तो रेशनकार्ड, वीजबिल, जुने पुरावे गोळा करतो आणि परवानाधारक प्लंबरला देतो. प्लंबर एक आकडा सांगतो. त्यात पाइप, अनामत, रस्ता खोदाईचे शुल्क, मजुरी आणि 'वरचे' सगळे आले. पावती मिळते ती अधिकृत रकमेची. उरलेले कुणाला पोचले, किती पोचले, पोचले तरी का, हे सेक्रेटरीला कळत नाही; विचारायची सोयही नाही. कायद्याच्या भाषेत तो लाच देणारा. प्रत्यक्षात घेणारा त्याने पाहिलेलाही नाही. बसूंच्या गणितातला देणारा उलटणार कुणावर? ऑनलाइन अर्जही प्लंबरच भरतो.

शिवाय हे काम एकदा होऊन संपत नाही. मुंबईत पाणी विभागवार, ठरावीक तास येते, आणि चावीवाला दिवसभर व्हॉल्व्ह फिरवत हिंडतो. तक्रार करणाऱ्या गल्लीत उद्या दाब कमी आला, तर तो द्वेषाने की वरूनच कमी होता, हे कुठल्याही कागदावर उमटत नाही.

आणि 'हक्काचे' हा शब्द? तिथे तर बसूंचा पायाच खचतो. झोपडी अमुक तारखेआधीची असेल तरच जोडणी, हा नियम होता. तारीख आधी 1995, मग 2000. त्यानंतर आलेल्यांना पाणी मागायचा अधिकारच नव्हता. म्हणजे त्यांनी दिलेली लाच बसूंच्या सवलतीत बसत नव्हती. तहान मात्र तारीख पाहून लागत नाही, आणि अशा तहानेला बाजारात भाव चांगला येतो. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयात न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने 15 डिसेंबर 2014 रोजी स्पष्ट केले, की वस्ती बेकायदा म्हणून पाणी नाकारता येणार नाही; हवा तर दर जास्त लावा. पालिकेचे 'सर्वांसाठी पाणी' धोरण यायला 2022 उजाडले. मधल्या वर्षांत टँकर आणि चोरट्या जोडण्यांवर कुणाचे संसार उभे राहिले, ते वॉर्डातल्या लहान मुलालाही विचारावे. तेव्हा लाच देणाऱ्याला माफी द्यावी की शिक्षा, हा वादच मला आता दुय्यम वाटतो. ज्या नियमामुळे माणसाला मागच्या दाराने जावे लागते, तो नियम राखणाऱ्यांचे त्या दारावर भाडे चालू असते.

वक्त्यांनी नॉम पेन्हचे उदाहरण दिले, तेही अर्धेच. कंबोडियाच्या या राजधानीत 1993मध्ये पुरवलेल्या पाण्यापैकी 72 टक्क्यांचे पैसे येत नव्हते. पंधराएक वर्षांत हे प्रमाण 6 टक्क्यांच्या आसपास आले. मीटर बसले म्हणून, असे वक्ते म्हणाले. मीटर बसलेच, पण ते बसवणारे तिथल्या पाणीपुरवठा खात्याचे प्रमुख एक सोन चान यांनी आधी स्वतःचे खाते उपसले. संगनमत करणारे कर्मचारी काढले, उरलेल्यांचे पगार वाढवले, गरिबांना जोडणी सवलतीत दिली. एका सेनाधिकाऱ्याने मीटर नाकारून त्यांच्या डोक्याला पिस्तूल लावले, हा किस्सा ते स्वतः सांगत. सुरुवात वरून झाली होती.

आपल्याकडे वरची बाजू कोरीच राहते. मुंबईत पुरवलेल्या पाण्यापैकी पाव ते तिसरा हिस्सा वाया जातो, हे पालिकेचे अधिकारीच मान्य करतात. त्याला ते 'गळती आणि चोरी' म्हणतात. दोन्ही एकाच रकान्यात. फुटक्या पाइपाला बदली मिळत नाही. चोरी ज्याच्या डोळ्यांदेखत होते त्याला मिळते, आणि चांगल्या वॉर्डातली मिळते. प्रत्येक विभागाच्या तोंडाशी मीटर लावून किती पाणी आत गेले, किती बिलात उतरले, उरलेल्यात गळती किती आणि चोरी किती, हे त्या काळात तिथे नेमलेल्या अभियंत्याच्या नावासह दर महिन्याला छापावे. सेक्रेटरीला तुरुंगात पाठवायचे की नाही, ते त्यानंतर बघू.