आई आवरून घेईल

काशीच्या घाटांवर गंगेच्या मलिनतेचा विषय काढला, की यात्रेकरू आणि तीर्थोपाध्याय यांच्याकडून बहुधा असे उत्तर येते की, गंगा ही माता आहे, आणि लेकरांची घाण आई जशी निमूटपणे काढते तशी तीही काढील. केली अ‍ॅली या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने येथे दीर्घकाळ अभ्यास करून हाच युक्तिवाद नोंदवून ठेवला आहे. त्यातील भक्ती निखळ आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु ज्या घरात उष्टी काढणे, दुपटी धुणे आणि सर्वांच्या मागून आवरणे ही कामे पिढ्यानपिढ्या एकाच व्यक्तीच्या वाट्याला विनातक्रार आली, त्या घरातला रिवाजच येथे नदीपर्यंत पोहोचला आहे, असे मला वाटते.

याची दुसरी बाजू न्यायालयात दिसली. २० मार्च २०१७ रोजी उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने गंगा-यमुनांना विधिमान्य व्यक्ती ठरवले, पण अज्ञान (अल्पवयीन) समजून, सरकारी अंमलदारांना त्यांचे पालक नेमून. हा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या जुलैत स्थगित केला. हेतू रक्षणाचाच होता. तरीही जिला घाटावर आई म्हणावे तिलाच दप्तरात अज्ञान लेखावे, आणि दोन्हीकडे तिच्या वतीने दुसऱ्यानेच बोलावे, हे आपल्याकडील स्त्रियांना अपरिचित नाही. स्त्रीला पालक लागतो ही समजूत ज्यांनी आपल्या कारभारानेच खोडून काढली, त्या अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास येथील विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले, याचे स्मरण अशा वेळी तीव्रतेने होते.

संकटमोचन मंदिराचे महंत आणि काशी हिंदू विश्वविद्यालयातील जल-अभियांत्रिकीचे प्राध्यापक वीरभद्र मिश्र (निधन २०१३) यांनी मातृत्वाची हीच भाषा उलट दिशेने वळवली. गंगा अशुद्ध झाली असे म्हटल्यास भक्त दुखावतो. पण तुझ्या आईच्या अंगावर मैला टाकला जातो आहे, तो तुला सोसवतो काय, असे विचारल्यास तो जागा होतो, असे ते सांगत. येथे आई आवरणारी राहत नाही. तिच्यावर अन्याय होतो आहे, आणि आवरण्याचे काम मुलांकडे येते. ते काम काय, हेही त्यांनी अभियंत्याच्या नेमकेपणाने मांडले होते: १९८६ मध्ये याच नगरीत आरंभ झालेल्या गंगा कृती योजनेचे पंप वीज गेली की बंद पडतात, म्हणून घाटांच्या कडेने उतारावरून आपोआप वाहणारी भुयारी गटारे बांधावीत आणि मैलापाणी नदीत पडण्यापूर्वीच शहराबाहेरच्या तलावांत वळवून तेथे शुद्ध करावे.