दुरिताचे कर्तृत्व कोणाचे?

जगाचा कर्ता एकच, तो सर्वशक्तिमान आणि पूर्णतः मंगल, हे ख्रिस्ती धर्मशास्त्राचे मूलभूत प्रतिपादन होय. ते स्वीकारताच पूर्वपक्ष उभा राहतो. दुरित निवारण्याची ईश्वरास इच्छा आहे परंतु सामर्थ्य नाही, असे म्हणावे तर सर्वशक्तिमत्त्वास बाध येतो. सामर्थ्य आहे परंतु इच्छा नाही, असे म्हणावे तर मांगल्य लोपते. दोन्ही आहेत, तर दुरित आले कोठून?

या प्रश्नाने संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांना तारुण्यापासून ग्रासले होते. उत्तर आफ्रिकेतील हे तत्त्वज्ञ सुमारे नऊ वर्षे मानी पंथात होते. प्रकाश आणि अंधार ही दोन अनादी तत्त्वे असून दुरित हे अंधाराचे कार्य, असे त्या पंथाचे मत. त्यायोगे ईश्वर निर्दोष ठरतो खरा. परंतु मनुष्यही निर्दोष ठरतो, कारण पाप त्याच्यातील अंधार करतो, तो स्वतः नव्हे! ३८७ साली बाप्तिस्मा घेतल्यावर, ३८८ मध्ये आरंभिलेल्या स्वतंत्र इच्छाशक्तीवरील संवादग्रंथात ऑगस्टीन यांनी या मताचे खंडन केले.

त्यांचा सिद्धान्त द्विविध आहे. एक, दुरित हा भावरूप पदार्थच नव्हे. दृष्टीचा अभाव म्हणजे अंधत्व, तसा मंगलाचा अभाव म्हणजे दुरित. त्यास निराळा निर्माता नाही. दुसरे, श्रेष्ठाकडे पाठ फिरवून कनिष्ठास कवटाळणे हे इच्छेचे स्वतःचे कर्म होय. इच्छा मुळात चांगलीच, कारण तिच्यावाचून सदाचारही संभवत नाही. येथे शंका अशी की, ईश्वरास भविष्य ठाऊक असेल तर पाप अटळ नव्हे काय? समाधान असे की, कृती आधी जाणणे म्हणजे ती करावयास लावणे नव्हे.

पुढे पेलागियस यांच्या अनुयायांनी याच ग्रंथाचा आधार घेऊन, मनुष्य स्वबळाने निष्पाप राहू शकतो, असे मांडले. ऑगस्टीन यांनी उत्तर दिले की, आदामाच्या पतनापासून इच्छा रोगग्रस्त झाली असून कृपेवाचून तिला सन्मार्ग साधत नाही. ४१८ च्या कार्थेज परिषदेने पेलागियस-मत निषिद्ध ठरविले. तथापि गाठ सुटली नाही. कृपेवाचून सदाचरण अशक्य, आणि कृपा सर्वांस सारखी लाभत नाही, असे म्हटल्यास दायित्वाचा प्रश्न पुनश्च ईश्वराच्याच द्वारी येतो.

याहून बिकट प्रश्न तान्ह्या बालकाच्या वेदनेचा. त्याने कोणती निवड केली? १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणादिवशी, लिस्बन येथे भूकंप झाला, तेव्हा प्रार्थनेस जमलेले भाविक मंदिरांच्या भिंतींखाली गाडले गेले. त्यांच्या मृत्यूचे कारण कोणाची इच्छा, हे स्वातंत्र्याच्या सिद्धान्तास सांगता येत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायात जन्मांधाविषयी शिष्य विचारतात की, पाप याचे की याच्या मातापित्यांचे? येशू दोन्ही पक्ष नाकारतात आणि त्या मनुष्यास दृष्टी देतात. जिज्ञासूंनी हा भेद ध्यानी धरावा. ‘हे दुष्कृत्य माझ्या इच्छेने घडले’ असे कर्त्याने स्वतःविषयी म्हणणे, हे इच्छास्वातंत्र्याच्या सिद्धान्ताचे उचित स्थान होय. तोच सिद्धान्त दुःखिताच्या उशाशी बसून त्याला ऐकविला, तर ते समाधान न राहता आणखी एक दुरित होते.