नांव ठेवणें आणि नांवें ठेवणें

मराठींत ‘नांव ठेवणें’ आणि ‘नांवें ठेवणें’ या दोन प्रयोगांत केवळ वचनाचा भेद आहे. पण पहिल्यानें बारसें होतें आणि दुसऱ्यानें निंदा. मुलाचें बारसें एकदांच होतें. पुढें मात्र घर, शाळा आणि शेजार हीं मिळून त्याला जन्मभर नांवें ठेवीत असतात. वेंधळा, आळशी, एककल्ली, शिष्ट, माणूसघाणा हे शब्द आपण इतक्या सहजपणें वापरतों कीं, तीं वर्णनें नसून ते निवाडे आहेत, हें आपल्या ध्यानांतहि येत नाहीं. अमका विसरला, हें वर्णन झालें. अमका बेफिकीर आहे, हा निवाडा झाला. असा निवाडा चाळीस-पन्नास वर्षें कानांवर पडत राहिला म्हणजे ज्याच्यावर तो झाला त्यालाहि तो खरा वाटूं लागतो.

अशा माणसाला केस पिकूं लागल्यावर एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाकडून कळतें कीं, आपल्या मेंदूची घडणच पहिल्यापासून निराळी आहे. आपल्याला स्वमग्नता, म्हणजे ज्याला ऑटिझम म्हणतात ती अवस्था, आहे, आणि तिच्या जोडीला अवधान व चंचलता यांवर ताबा राहूं न देणारी एडीएचडीहि आहे. ही वार्ता घरांत आली म्हणजे दोन प्रश्न हटकून विचारले जातात. एक, ‘आतां या वयांत हें कळून उपयोग काय?’ दुसरा, ‘हें सोयीचें निमित्त तर नव्हे?’ पहिला प्रश्न व्यवहाराचा आहे, दुसरा नीतीचा. आणि आमच्या मतें दुसऱ्याचें उत्तर सांपडल्यावांचून पहिल्याचें सांपडत नाहीं.

प्रथम, इतका उशीर कां होतो तें पाहूं. 1943 सालीं बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनीं अकरा बालकांचीं वर्णनें प्रसिद्ध केलीं. त्यांत आठ मुलगे आणि तीन मुली होत्या. पुढच्याच वर्षीं व्हिएन्ना येथील डॉ. हान्स आस्पर्गर यांनीं आपल्या निबंधांत चार मुलग्यांचीं वर्णनें दिलीं. परंतु त्या जर्मन निबंधाकडे इंग्रजी वाचकांचें लक्ष खऱ्या अर्थानें वेधलें तें 1981 सालीं, लंडनच्या डॉ. लॉर्ना विंग यांच्या लेखामुळें. म्हणजे शास्त्राची दृष्टि आरंभापासून बालकांवर, आणि त्यांतहि मुलग्यांवर, खिळलेली होती. जी मुलगी वर्गांत गप्प बसे, चारचौघींचें पाहून हंसावें केव्हां आणि बोलावें काय हें पाठ करून ठेवी, आणि घरीं येतांच दार लावून पडून राही, तिच्याकडे निराळ्या दृष्टीनें पाहण्याचें कोणाला कारणच पडलें नाहीं.

दुसरी अडचण याहून विचित्र होती. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संस्थेचा निदानग्रंथ अनेक देशांत वापरला जातो. त्याच्या 1994 च्या आवृत्तीप्रमाणें ज्याला स्वमग्नता आहे त्याला एडीएचडीचें वेगळें निदान देतां येत नसे. ही आडकाठी 2013 च्या पांचव्या आवृत्तीनें दूर केली. तोंपर्यंत ज्यांच्या ठायीं दोन्ही अवस्था होत्या त्यांना ग्रंथाच्या नियमानें अर्धेंच नांव मिळूं शकत होतें. शिवाय या दोन अवस्था पुष्कळदां एकमेकींना झांकून टाकतात. एकीला प्रत्येक गोष्ट ठरल्या जागीं आणि ठरल्या वेळीं हवी असते. दुसरीमुळें जागा आणि वेळ दोन्ही हातांतून निसटतात. ठरलेला क्रम मोडला कीं ज्याचा जीव कासावीस होतो, त्याच्याच हातून तो क्रम रोज मोडतो. पाहणाऱ्याला हा झगडा दिसत नाहीं; त्याला एक लहरी माणूस तेवढा दिसतो.

उशिरां मिळालेल्या नांवानें काय होतें, याचें एक प्रसिद्ध उदाहरण स्कॉटलंडच्या सूझन बॉइल या गायिकेचें आहे. 1961 मध्यें जन्मलेली ही बाई 2009 सालच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेमुळें जगाला माहीत झाली. जन्माच्या वेळीं प्राणवायु कमी पडून हिच्या मेंदूला इजा झाली आहे, असें लहानपणापासून तिच्याविषयीं सांगितलें जात असे. पन्नाशी उलटल्यावर तज्ज्ञांनीं तिला स्वमग्नतेचाच एक प्रकार मानला जाणारा आस्पर्गर सिंड्रोम असल्याचें सांगितलें, आणि 2013 सालीं तिनें तें स्वतः जाहीर केलें. या निदानानें तिचा गळा बदलला नाहीं कीं स्वभाव बदलला नाहीं. चुकीचें नांव जाऊन बरोबर नांव आलें, इतकेंच. पण ज्यानें अर्धशतक स्वतःला ‘बिघडलेला’ समजण्यांत घालविलें, त्याला आपण ‘निराळा’ आहों हें कळणें, ही गोष्ट लहान नव्हे.

आतां निमित्ताचा आक्षेप. ‘विसरतों तर आम्हीहि, गर्दीचा त्रास आम्हांलाहि होतो,’ असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. ठेंच सर्वांनाच लागते, पण म्हणून लंगडणारा ढोंगी ठरत नाहीं. तज्ज्ञहि केवळ आजची तक्रार ऐकून निदान करीत नाहीं. तो बालपणाची चौकशी करतो, आणि एडीएचडीचीं कांहीं लक्षणें तर बारा वर्षें वयाच्या आधीं दिसलेलीं असावीं लागतात. तथापि आक्षेपाचें मूळ एवढ्यानें उखडत नाहीं. समजा, एका गृहस्थानें बहिणीला स्टेशनावर उतरवून घेण्याचें कबूल केलें आणि हातांतल्या कामांत गढून तो तें विसरला. ती बिचारी दोन मुलें आणि ट्रंक सांभाळीत दोन तास फलाटावर बसली. भावाच्या विसरण्याचें कारण बेपर्वाई असो वा मेंदूची घडण असो, बहिणीचे दोन तास गेले ते गेलेच.

येथें दोष आणि देणें यांतील भेद ओळखला पाहिजे. बेपर्वाई असेल तर भावाच्या माथीं दोन्ही येतात. ती नसेल तर दोष गळून पडतो, देणें मात्र उरतें. आजवर तो दोषाच्या ओझ्याखालीं इतका दबलेला असे कीं, देणें फेडण्याचें त्राणच त्याला उरत नसे. ‘पुन्हां असें होणार नाहीं’ अशी शपथ तो घेई आणि पुन्हां तसेंच होई. कारण शपथ इच्छेला बळ देते, आणि येथें उणीव इच्छेची नव्हतीच. नांव कळल्यावर तो शपथ सोडून व्यवस्था करूं शकतो: घड्याळाचा गजर लावील, दारावर चिठ्ठी डकवील, वैद्यकीय सल्ल्यानें औषध घेईल, आणि जें आपल्याला झेपणार नाहीं तें आधींच सांगेल. ‘मी असाच’ म्हणण्याची मुभा त्याला आतां उलट कमी आहे; जो जाणतो त्याची जबाबदारी अधिकच असते.

कांहीं देणीं मात्र गजरानें फिटत नाहींत. पतीच्या अबोलपणाला जिनें तीस वर्षें अप्रीति मानलें, त्या पत्नीला एके दिवशीं वैद्यकीय कागद दाखवून ‘आतां तक्रारीला जागा नाहीं’ असें म्हणणें हा अन्याय होय. कागदानें मौनाचा अर्थ कळतो. तीस वर्षें परत येत नाहींत. तिचें दुःख ऐकून घेणें हेंच तेथें देणें आहे.

हाच न्याय नांवें ठेवणाऱ्यांनाहि लावला पाहिजे. ब्रूनो बेटेलहाइम यांच्या 1967 च्या ग्रंथासारख्या लेखनानें मुलांच्या स्वमग्नतेचें खापर मातांच्या थंडपणावर फोडलें. डॉ. बर्नार्ड रिमलंड यांनीं 1964 सालींच या मताचें खंडन केलें होतें, तरी कित्येक निरपराध आयांना तो डाग सोसावा लागला. शास्त्रज्ञांची जेथें ही गत, तेथें आपल्याकडील मागच्या पिढीच्या आईबापांना आणि मास्तरांना काय दोष द्यावा? त्यांना ठाऊक नव्हतें. पण त्यांचेंहि देणें उरतेंच, आणि तें फार थोडक्यांत फिटतें. ‘तुला आळशी म्हणत होतों, तें बरोबर नव्हतें,’ एवढें एक वाक्य वृद्ध पित्यानें म्हटलें, तर पन्नाशीच्या मुलालाहि तें पुरतें. आजच्या शिक्षकाला मात्र अज्ञानाचा आधार घेतां येणार नाहीं. आपल्या देशाच्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यांत स्वमग्नतेचा नांवानिशीं उल्लेख आहे.

तेव्हां उपयोग काय, या प्रश्नाचें आमचें उत्तर असें: उशिरां मिळालेल्या नांवानें गेलेलें आयुष्य परत मिळत नाहीं, पण त्याचा हिशेब नीट लागतो. जें कर्ज कधीं काढलेंच नव्हतें तें खोडलें जातें. जें खरें आहे तें फेडण्याचा मार्ग दिसतो. ज्यांच्या घरांत अशी वार्ता अद्याप आलेली नाहीं, त्यांनींहि पुढच्या वेळीं कोणाला आळशी किंवा माणूसघाणा म्हणण्यापूर्वीं, त्यानें काय केलें एवढेंच बोलावें; तो कसा आहे, याचा निकाल देण्याची घाई करूं नये.