पेडलाखालची धग

गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी आहे, इंजिन बंद. ड्रायव्हरच्या सीटवर बसा, काच खाली घ्या आणि उजवा पाय ब्रेकवर ठेवा. आता सावकाश तीन-चार वेळा दाबा. पहिल्यांदा पेडल मऊ जातं, मग थोडं वर राहतं, आणि चौथ्यांदा दगड होतं. पायाला मदत करणाऱ्या बूस्टरमधली साठवलेली पोकळी संपली. आता तुमचा पाय आणि चाकाजवळचा पिस्टन यांच्यामध्ये आहे ते फक्त ब्रेक ऑइल, लिटरभरसुद्धा नाही. पाय तसाच राहू द्या. आज काही विकत घ्यायचं नाही. मोबाइलवर उघडून ठेवलेली ब्रेक पॅडची यादी बंद करा.

पंधरा दिवसांनी ही गाडी घेऊन तुम्ही चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅक-डेला, म्हणजे आपलीच गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायच्या दिवसाला, जाणार आहात. १९९० पासूनचा ट्रॅक, ३.७ किलोमीटरचा फेरा, १२ वळणं. गाडी रोजचीच, भाजी आणणारी, ऑफिसला नेणारी हॅचबॅक. तुमच्यासकट वजन १,२०० किलो धरू. आता मनातल्या मनात लांब सरळ रस्ता आणा. काटा १६० वर आहे, पुढच्या वळणाला ६० हवेत. दाबा.

काय झालं? वेग गेला, असं आपण म्हणतो. पण कुठे गेला? त्या तीन सेकंदांत गाडीतून साधारण दहा लाख ज्यूल बाहेर पडले. आकडा मनात बसत नसेल तर स्वयंपाकघरात या: तीन लिटर पाणी, म्हणजे वीस कप चहाचं आधण, गार असल्यापासून उकळी फुटेपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी. गॅसवर त्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. इथे ती तीन सेकंदांत तयार झाली. थोडा वाटा वारा आणि इंजिन घेतात, बाकीची ब्रेकमध्ये उतरते, आणि त्यातलीही बहुतेक पुढच्या दोन चाकांवर, कारण दाबताक्षणी गाडीचं वजन पुढे झुकतं. पुढच्या दोन डिस्क मिळून बारा किलो बीड धरलं, तर एका दाबण्यात ते बीड शंभर-सव्वाशे अंशांनी तापतं. एका फेरीत असं चार वेळा. त्यानंतर दुसरी फेरी.

इथे थोडा वेळ थांबा. ब्रेक गाडी थांबवतो ही आपली भाषा आहे. ब्रेकच्या बाजूने पाहिलं तर त्याच्याकडे उष्णता सोपवली जाते आणि ती पुढे कुणाला तरी द्यायची असते. डिस्क ती काही काळ सांभाळते, तिची कोठार म्हणून नेमणूक आहे. कोठार रिकामं करते ती मुख्यतः हवा. पॅड, ऑइल, नळ्या, सगळी खरेदी या एका व्यवहाराभोवती फिरते: आवक किती, जावक किती, आणि मधल्या काळात कोण किती सोसतो.

तापलेल्या ब्रेकचा वास तुमच्या ओळखीचा आहे. बोरघाटात रात्री खाली उतरताना काच उघडी असेल तर भरलेल्या ट्रकच्या मागे तो येतो, जळक्या लायनरचा. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरतानाही येतो. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की इंजिन आपला वाटा उचलत नाही आणि सगळा उतार लायनरच्या डोक्यावर बसतो. त्या उताराने किती घरांचं काय केलं आहे ते आपण दर काही महिन्यांनी वाचतो. ट्रॅकवरची तुमची हॅचबॅक आणि घाटातला ट्रक यांची गोष्ट एकच आहे. फरक एवढाच की ट्रॅकवर माती आणि टायरची भिंत वाट पाहत असते, माणसांनी भरलेली रिक्षा नसते.

आता लक्ष पुन्हा तळपायाकडे. ब्रेक दोन तऱ्हांनी हात वर करतो आणि दोन्ही वेळा पायाला वेगळं सांगतो. पहिल्या तऱ्हेत पेडल घट्ट असतं, तुम्ही जीव खाऊन दाबता, पण गाडी सरकतच राहते. हा पॅड हरला. त्यातल्या चिकट राळेचा वायू होऊन तो पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये आला किंवा मसाला त्याच्या सोसण्यापलीकडे तापला. दुसऱ्या तऱ्हेत पेडलच खाली जातं, ओल्या गवतावर पाय पडावा तसं. हे ऑइल उकळलं. द्रव दाबला जात नाही म्हणून ब्रेक चालतो, आणि वाफ मात्र दाबली जाते. तुमचा सगळा जोर बुडबुडे चेपण्यात संपतो.

माझ्या वाट्याला दुसरं आलं होतं, चौथ्या फेरीत. दोनदा पंप केल्यावर थोडं पेडल मिळालं, तोवर गाडी ट्रॅक सोडून मातीत गेली होती. लागलं कुणालाच नाही. पॅड मी भारीतले घातले होते, आठ दिवस त्यांच्याबद्दल वाचलं होतं. ऑइल मात्र तीन पावसाळे जुनं होतं, मुंबईचे पावसाळे.

ब्रेक ऑइल ओल खेचतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसंच, फक्त इथे ते दिसत नाही. रबरी नळ्यांतून, टाकीच्या झाकणातून महिन्यामागून महिने ओल आत जाते. डॉट ४ या प्रतीचं ऑइल नवं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये अशी अट आहे, आणि जेमतेम पावणेचार टक्के पाणी मिसळलं की तीच अट १५५ वर येते. पंचाहत्तर अंश, निव्वळ हवेतल्या दमटपणाने नेलेले. म्हणून माझ्या मते ट्रॅक-डेचा पहिला रुपया इथे जावा: कोरं ऑइल, जमल्यास ३०० अंशांपलीकडे उकळणारं, चारही चाकांतून एअर काढून भरलेलं, जायच्या आधल्या आठवड्यात. सीलबंद डबा आणा. मेकॅनिकच्या कपाटातला अर्धा डबा प्रेमाने नाकारा. आणि डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं ऑइल आकड्याने मोठं दिसतं म्हणून त्यात ओतू नका, ते वेगळ्याच जातीचं आहे.

मग पॅड. पॅडकडे स्वभाव म्हणून पाहा. रोजच्या गाडीतला पॅड सकाळी पार्किंगमधून निघताना, गार असताना, पहिल्याच स्पर्शाला पकडतो. आवाज नाही, धूळ कमी, डिस्कवर माया. साडेतीनशे-चारशे अंशांच्या पुढे मात्र तो तुमचा राहत नाही. शर्यतीचा पॅड उलटा: सातशे अंशांतही शांत, पण गार असताना उदासीन. इरुंगट्टुकोट्टईहून रात्रभर गाडी चालवून पहाटे पावसात घाट उतरत आहात आणि पुढचा टेम्पो अचानक थांबला, हे दृश्य मनासमोर आणा. त्या क्षणी शर्यतीचा पॅड झोपलेला असेल. मधल्या स्वभावाचे, पाचशे-साडेपाचशे सोसणारे आणि गारठ्यातही बऱ्यापैकी धरणारे पॅड मिळतात. वर्षाला दोन-तीन ट्रॅक-डे करणाऱ्याने तिथेच थांबावं असं मला वाटतं. ज्याला पुढे जायचं आहे त्याने ट्रॅकचे पॅड डिकीत न्यावेत, तिथे चढवावेत, संध्याकाळी उतरवावेत. तासाभराचं काम आहे.

काही पॅडच्या कडेला दोन अक्षरं असतात, ई, एफ, जी अशी. पहिलं कमी तापमानातल्या पकडीचं, दुसरं गरम असतानाच्या. गंमत अशी की त्यांचं ‘गरम’ साडेतीनशे अंशांच्या आसपास संपतं. तुमचा प्रश्न तिथे सुरू होतो.

नवा पॅड लगेच कामाचा नसतो. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा दाबायचं, मग बराच वेळ ब्रेकला हात न लावता गार होऊ द्यायचं. पॅडचा पातळसा थर डिस्कवर सारखा बसतो आणि पुढची पकड त्या थराची असते. हे न करता थेट तापवलं की थर ठिगळासारखा बसतो, स्टिअरिंग थरथरतं आणि सगळे म्हणतात डिस्क वाकली. कॅरोल स्मिथ या शर्यतींच्या अभियंत्याने या समजुतीवर सविस्तर लिहून ठेवलं आहे: बहुतेक वेळा वाकलेलं काही नसतं, चिकटलेलं असतं.

पॅडची जाडी हाही थंडाव्याचाच भाग आहे. झिजून पातळ झालेला पॅड उष्णता चटकन पिस्टनकडे आणि तिथून ऑइलकडे जाऊ देतो. रस्त्यावर अजून सहा महिने चालला असता, असा पॅड ट्रॅकसाठी संपलेला समजा. डिस्कला भोकं पाडून घ्यायचा मोह होईल, पण तडे जायला सुरुवात त्या भोकांपासूनच होते. लाल रंगवलेल्या कॅलिपरबद्दल मी काही बोलत नाही, फोटो छान येतात.

आता हवा. दोन पात्यांची, मधून पोकळ असलेली पुढची डिस्क डोळ्यांसमोर फिरवा. ती फिरते तेव्हा मधल्या भोकाकडून हवा ओढते आणि कडेने बाहेर फेकते. डिस्क स्वतःच पंखा आहे. म्हणून बंपरमधून नळी आणायची असेल, फॉगलॅम्पच्या जागेतून साधारण तीन इंची, तर तिचं तोंड डिस्कच्या मधोमध, त्या ओढणाऱ्या तोंडाशी हवं. नुसती एका बाजूवर फुंकली तर एक गाल गार आणि दुसरा तापलेला राहतो. डिस्कमागचा पत्र्याचा पडदा काहीजण सरळ काढून टाकतात. तो बॉल जॉइंटच्या रबरालाही धगीपासून वाचवतो हे त्यांना रबर फाटल्यावर कळतं. पडदा कापून त्यातच नळी बसवलेली बरी, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून नळी टायरला घासत नाही ना ते पाहा.

चेन्नईच्या उन्हाला मात्र दोष देऊ नका. डिस्क पाचशे अंशांवर असेल तर बाहेर वीस आहेत की अडतीस याने तिला फार फरक पडत नाही. उन्हाने दमतो तो ड्रायव्हर.

खर्च न करता थंडावा हवा असेल तर पुन्हा त्या सरळ रस्त्यावर या. काटा १६० ऐवजी १४४ वर असताना पाय उचला, मग दाबा. वेग दहा टक्के कमी, उष्णता पाचव्या हिश्शाहून जास्त कमी, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. पहिल्या ट्रॅक-डेला कोणतीही नळी याच्याइतकी कामाची नाही. आणि दाबायचं तेव्हा खणखणीत दाबा, मग पूर्ण सोडा. नुसता पाय टेकवून ठेवाल तर डिस्कला श्वास मिळत नाही.

शेवटची फेरी. ब्रेक जवळजवळ न लावता सावकाश फिरा आणि आत या. आता सगळ्यात बारकाईने पाहायचा क्षण आहे. गाडी थांबली म्हणजे वाराही थांबला. डिस्कमधली धग आता फारशी बाहेर जात नाही, ती पॅडमधून, पिस्टनमधून ऑइलकडे सरकते. ट्रॅकवर न उकळलेलं ऑइल इथे, सावलीत, तुम्ही पाणी पीत असताना उकळू शकतं. म्हणून पाय पेडलवरून काढा. हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकामागे दगड लावा. दोन मिनिटांनी गिअर काढून तिला हातभर पुढे ढकला, म्हणजे तापलेला पॅड डिस्कच्या एकाच जागी ठसा सोडणार नाही. पुन्हा दोन मिनिटांनी. चाकातून येणारा टिक-टिक आवाज ऐका, बीड आकसतंय. आवाजांमधलं अंतर वाढत जातं.

अर्ध्या तासाने परत आत बसा. इंजिन सुरू करा, पट्टा लावा, गाडी जागची हलवायच्या आधी एकदा पेडल दाबा. सकाळी जिथे थांबत होतं तिथेच थांबलं तर जा. बोटभर खाली गेलं, तर चावी फिरवा आणि चहा कुठे मिळतो ते बघा.