खापरपणजोबांचे खाते

ज्याचे पूर्वज अगदीच सामान्य होते असा मनुष्य मला अजून भेटायचा आहे. बँकेच्या काउंटरमागे बसून मी वीस-बावीस वर्षे माणसे पाहतो आहे. त्यांत सही विसरणारे आले, हप्ते विसरणारे आले, कर्ज घेतल्याचेच विसरणारेही आले. पण पूर्वजांचा मोठेपणा विसरलेला एकही खातेदार आला नाही. पुण्याकडच्यांचे पूर्वज पेशव्यांच्या मसलतीत असतात, कोकणातल्यांचे आंग्र्यांच्या आरमारात असतात आणि उरलेल्या सर्वांचे पानिपतावर पडलेले असतात. (इतके सगळे तिथे पडले, तर त्यांचे एवढे वंशज आले कुठून, हे विचारायचे नसते.)

आम्ही झाडीपट्टीतले. म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीकडचे. आमच्या वाट्याला ना मसलत ना आरमार. आमच्याकडे कुऱ्हाड आहे. इथल्या प्रत्येक जुन्या घराण्याचा मूळपुरुष खांद्यावर कुऱ्हाड टाकून वैनगंगा उतरून येतो, जंगल तोडतो, तळे बांधतो, धान पेरतो आणि गाव वसवतो. आमचे खापरपणजोबाही असेच आले. त्यांच्याबरोबर एक बैलजोडी होती आणि वाटेत एक वाघ होता. आबाजी सांगायचे तेव्हा वाघ एकच होता नि तो नुसता आडवा गेला होता. काकाजींच्या सांगण्यात त्याला कुऱ्हाडीचा घाव बसला. परवा एका लग्नात आमच्या चुलतभावाने सांगितले, त्यात एक वाघीण तीन बछड्यांसह धारातीर्थी पडली. ताडोबात १९९५ पासून व्याघ्रप्रकल्प आहे, पण वाघ वाढवण्यात आमच्या घराण्याशी बरोबरी वनखात्यालाही साधलेली नाही.

"पूर्वजांनी गाव वसवलं, आणि तुम्हाला भिंतीत एक खिळा बसवता येत नाही," हे यावरचे आमच्या सौ.चे मत. त्या विषयाकडे मी तूर्त वळत नाही.

मूळपुरुष शोधण्याचा हा छंद आपल्यापुरताच आहे असे मात्र नाही. अमेरिकेत तर तो मोठा उद्योग आहे. तिथे नळीत थुंकी भरून पाठवली, की पूर्वज कुठून आले ते घरपोच कळवतात. (या शास्त्राची भरपूर सामग्री सरकारी इमारतींच्या जिन्यांच्या कोपऱ्यांत आपल्याकडे कित्येक वर्षे वाया जाते आहे.) तिकडचा मूळपुरुषही थेट आमच्यासारखाच. खांद्यावर कुऱ्हाड, पुढे जंगल, वाघाऐवजी अस्वल, एवढाच फरक. १८६२ साली तिथे कायदा झाला, की सरकारी जमिनीवर पाच वर्षे राहा, ती कसा आणि १६० एकर आपल्या नावावर करून घ्या. लोकांना वाटते, केवढी ही नवी कल्पना! आमच्या चांद्याच्या गोंड राजांची कल्पना त्याहून कितीतरी जुनी. राजा हीरशहाबद्दल परंपरा सांगते, की जो जंगल तोडून जमीन वाहितीखाली आणील त्याला ती जमीन, आणि जो तळे बांधील त्याला त्या पाण्यावर भिजेल तेवढी जमीन. यातले दुसरे कलम माझ्यासारख्या कॉमर्सवाल्याला फार आवडते. नुसते तोडल्याबद्दल नव्हे, साठवल्याबद्दल बक्षीस! मुदतठेवीची इतकी चांगली योजना आमच्या हेड ऑफिसला अजून सुचलेली नाही.

झाडीपट्टीत तळ्यांचा पसारा झाला तो अशाच रीतीने. तळी बांधण्यात कोहळी समाज वाकबगार. आज गोंदिया जिल्ह्यात असलेला नवेगावबांधचा प्रचंड तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. पुढे कोलू पाटलांचा कोलासूर देव झाला. आख्यायिका अशी, की दिवसा मजूर पाळ घालीत आणि ते घरी गेले की रात्री सात देवी येऊन काम पुढे नेत. तलावाभोवतीच्या सात डोंगरांना त्यावरून सातबहिणी म्हणतात.

हिशेब तपासणाऱ्याची नजर इथे जरा अडकते. मूळपुरुषाचा देव झाला. रात्रपाळीच्या सात जणींचे सात डोंगर झाले. दिवसपाळीच्या मजुरांचे काय झाले? त्यांचे नाव ना डोंगराला, ना दगडाला. ओव्हरटाइमवाल्या पूजेला लागल्या आणि रोजच्या हजेरीवाले मस्टरमधूनच गळाले. जगातल्या सगळ्या मोठ्या कामांचे मस्टर असेच भरलेले असावे असा मला संशय आहे.

आमच्या खापरपणजोबांच्या कथेतही अशी एक जागा आहे. कथा अशी चालते: "चहूकडे किर्र, निर्मनुष्य जंगल. खापरपणजोबा तहानेने व्याकूळ झालेले. तेव्हा तिथल्या एका माणसाने त्यांना झऱ्याची वाट दाखवली." आमच्या घरात ही तीन वाक्ये प्रत्येक पोराला पाढ्यांच्या आधी पाठ होतात. पण बेरीज तपासायची सवय लागलेल्या माणसाला पहिल्या आणि तिसऱ्या वाक्याचा ताळा लागत नाही. जंगल निर्मनुष्य होते, तर हा माणूस कुठला? आणि तो तिथे होता, त्याला झरा ठाऊक होता, झऱ्याकडे जाणारी वाटही पडलेली होती, तर खापरपणजोबांनी वसवले ते नेमके काय?

रेल्वेच्या जनरल डब्याचे उदाहरण घ्या. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा गृहस्थ शपथेवर सांगतो, की डबा रिकामा होता. खिडकीशी गाठोडे घेऊन एक म्हातारा आधीपासून बसलेला असतो. पण त्याने रुमाल टाकलेला नसतो, एवढ्यावरून तो हिशेबात धरायचा नाही. अमेरिकेत १८८९ साली ओक्लाहोमात बंदुकीचा बार होताच हजारो लोक घोडे-गाड्या घेऊन जमिनी धरायला धावत सुटले. रुमालाचा एवढा मोठा प्रयोग क्वचितच झाला असेल. ज्या मुलखात ते धावले त्या मुलखाचे सरकारी नावच 'इंडियन टेरिटरी' होते. पाटी वाचायला धावणाऱ्याला सवड कुठून असणार?

आमच्या झाडीत मात्र एक रीत होती. कित्येक गावांत शेतीचा मालक कोणीही असो, गावदेवाची पूजा गोंड भुमकानेच करायची. कारण इथले देव त्याच्या ओळखीचे. मालगुजार कितीही मोठा असला तरी देवाच्या दफ्तरी त्याचे केवायसी अपुरे! म्हणजे आपण इथे दुसरे आहोत हे आमच्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते आणि दर वर्षी भुमकाच्या हाती नारळ देऊन ते तशी कबुलीही देत होते. विसर पडला तो नातवंडांना.

आता कोणी म्हणेल, झाले ते झाले. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे खापर आज खापरपणतूच्या डोक्यावर का फोडायचे? प्रश्न रास्त आहे. धर्मानेही त्याचा विचार केला आहे आणि कायद्यानेही, आणि गंमत म्हणजे दोघेही तीन पिढ्यांवर थांबतात. श्राद्धात पिंड तिघांना: वडील, आजोबा, पणजोबा. जुन्या हिंदू कायद्यातही, कर्ज गैरकामासाठी काढलेले नसेल तर ते फेडणे हे मुलगा, नातू आणि पणतू यांचे पवित्र कर्तव्य मानले जाई. २००५ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या ९ सप्टेंबरपासून पुढे काढलेल्या कर्जांपुरते ते पावित्र्य संपले. म्हणजे खापरपणजोबा पूर्वीही या फेऱ्यातून सुटलेले होते, आता पणजोबाही सुटले.

महाभारताचा हिशेब मात्र याहून कडक आहे. पांडवांनाही राज्य मिळाले ते जंगलच. अर्जुनाने खांडववन जाळले तेव्हा तक्षक नाग घरी नव्हता. परतल्यावर काय पाहिले असेल त्याने! ती वसुली झाली अर्जुनाच्या नातवाकडून, परीक्षिताकडून. पणतू जनमेजय चिडला आणि सगळे नागकुळच होमात घालायला निघाला. ते थांबवले आस्तिकाने. त्याचा बाप ऋषी आणि आई नागकन्या. दोन्ही घरची खाती ज्याला माहीत, त्यालाच तडजोड जमली.

आणि ज्या वर्षी पूर्वजांच्या कर्जातून आमची सुटका झाली, त्याच्या पुढच्याच वर्षी, २००६ साली, वनहक्क कायदा झाला. एका कायद्याने सांगितले, पूर्वजांचे देणे विसरा. दुसऱ्याने विचारले, तुमचे पूर्वज कुठे आहेत? १३ डिसेंबर २००५ ही तारीख धरून आदिवासींनी त्याआधीपासूनचा ताबा दाखवायचा आणि इतर पारंपरिक वननिवाशांनी त्याआधीच्या तीन पिढ्या. इथेही तीनच! पिढी म्हणजे २५ वर्षे, असेही कायद्याने ठरवून दिले. (हल्ली खेड्यात पोरांची लग्नेच पस्तिशीपर्यंत जमत नाहीत, तिथे ही सरकारी पिढी गाठायची कशी कोण जाणे.) पुण्या-मुंबईच्या माणसाला वंशावळ हा निवृत्तीनंतरचा विरंगुळा. इथे ती फाइलीत लावायची असते, आणि नाही सापडली तर जंगलावरचा हक्क अडतो. नियमांत पुराव्यांची यादी आहे. जुने सरकारी कागद चालतात, वंशावळ चालते, विहिरी, स्मशाने, देवाच्या जागा चालतात. आणि दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाबही चालतो.

या शेवटच्या कलमाने आमच्या घरात वादळ आणले. आमच्या मूळ गावाला लागून गोंडांचा एक टोला आहे. तिथल्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्काचा दावा तयार करायला घेतला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ साली असा हक्क मिळाला, तेव्हापासून आजूबाजूच्या गावांना धीर आला होता. टोल्यातली चार माणसे काकाजींकडे आली. काकाजी चौऱ्याऐंशी वर्षांचे, पंचक्रोशीत सर्वांत वडील. तुमच्या आजोबांकडून काय ऐकले ते लिहून द्या, एवढीच त्यांची विनंती.

चुलतभाऊ उसळला. "आपण दुसरे आलो असं आपल्याच सहीनं लिहून द्यायचं? मग वसवलं काय आपण?" दावा जंगलावर होता, आमच्या बांधावर नव्हता. गुंठाभर जमीन जाणार नव्हती. जाणार होता फक्त 'पहिले' हा शब्द. पण घराण्यात जमीन वाटून-विकून संपली, की हाच शब्द तेवढा अविभक्त राहतो. त्याला हात लावलेला कोणालाच खपत नाही.

काकाजींनी पानाची पिंक टाकली आणि म्हणाले, "निर्मनुष्य, निर्मनुष्य काय करतेस गा? मानूस होता मनून तं पानी भेटलं. पानी भेटलं मनून आपून आहो." आणि जबाबावर थरथरती, पण नमुन्याशी जुळेल अशी सही केली.

तो जबाब मी वाचला आणि बँकेतला एक साधा नियम आठवला. कर्जदार वारला तर वारसाकडून वसुली होते ती त्याला वारशाने मिळाले तेवढ्यापुरतीच. काही मिळाले नसेल तर काही देणे नाही. हे मला फार न्यायाचे वाटते. आता आम्हाला खापरपणजोबांकडून काय मिळाले? जमीन आबाजींच्या वेळीच वाटली गेली. तळे १९५१ साली मालगुजारीबरोबर सरकारकडे गेले आणि माजी मालगुजारीचा 'मामा तलाव' झाला. (मूळपुरुषाचे तळे मामाकडे जाते हे वारसा कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात नाही.) उरला तो अभिमान. मग देणेही त्या अभिमानापुरतेच. ज्याला पूर्वजांबद्दल बोलायचेच नाही, त्याचे खाते निरंक. त्याने खुशाल झोपावे. पण जो भर लग्नात उभा राहून "आम्ही वसवलं" म्हणतो, त्याने जमेची बाजू उचलली. त्याला नावेची बाजू 'ते आमच्या आधीचे' म्हणून सोडता येत नाही. आणि हे देणे डोळ्यांत पाणी आणून फिटत नाही. एका माणसाने पाणी दाखवले होते, हे योग्य त्या कागदावर, योग्य त्या वेळी लिहून दिले म्हणजे एक हप्ता जमा होतो.

टोल्याचा दावा तालुक्याहून जिल्ह्याला गेला आहे. फाइल फाइलीच्या चालीने चालते. इकडे आमच्या कथेत मात्र दुरुस्ती झाली. 'निर्मनुष्य' शब्द काकाजींनी काढून टाकला आणि पाणी दाखवणारा माणूस आता वाघाच्या आधी येतो. वाघ तेवढे त्यांनी कमी केले नाहीत. त्यांचे देणे ताडोबाच्या खात्यात वळते करावे, असा आमचा विचार आहे.