कोयता, उचल आणि सम्यक आजीविका



दिवाळी सरली की मराठवाड्यातल्या, विशेषतः बीड जिल्ह्यातल्या, वस्त्या ओस पडतात. माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांत बौद्ध आहेत, मातंग आहेत, वंजारी-बंजारा आहेत. शाळेतली मुलेही आईबापांच्या मागे जातात. कारखान्याच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतो. दोन माणसांना एका हत्याराच्या नावाने मोजावे, ही रीत काय सांगते याचा विचार करा.

निघण्याआधीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती टनावर फेडायची. हंगामात फिटली नाही तर पुढच्या हंगामाच्या बोकांडी बसते. आजारपणात एक दिवस काम बुडाले तर मजुरी जातेच, वर खाड्याचा दंडही भरावा लागतो. 2019 साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. रोजगार बुडण्याची धास्ती माणसाला कुठवर नेते, ते यावरून ओळखावे.

कोणी म्हणेल, पायात बेडी नाही, मग ही गुलामी कशी? ज्याला काम सोडून जाता येत नाही, त्याच्या पायात कर्जाची बेडी असतेच. महार वतन आठवा. जमिनीचा तुकडा आणि बलुते यांच्या बदल्यात चोवीस तास गावाची राबणूक करावी लागे. पुष्कळांना तो मान वाटे. बाबासाहेबांनी मात्र त्यातली गुलामी ओळखली आणि 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन दुरुस्तीचे विधेयक आणले. आज उचल आपल्याला उपकार वाटते. वतन जसे मान नव्हते, तशी उचल उपकार नव्हे.

आता तथागतांनी काय सांगितले ते पाहू. अंगुत्तर निकायात उपासकाने टाळावयाचे पाच व्यापार सांगितले आहेत. शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष. यांतील प्राण्यांच्या व्यापारात माणसांची खरेदी-विक्रीही येते. सिगालोवाद सुत्तात सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या तरुणाला भगवंतांनी शिकवले की खालची दिशा म्हणजे आपले सेवक आणि कामकरी. त्यांच्याविषयी मालकाची पाच कर्तव्ये आहेत. शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे आणि वेळेवर सुट्टी द्यावी. कामकऱ्याची कर्तव्येही तेथे आहेत, परंतु मालकाची आधी सांगितली आहेत. हा क्रम विसरू नका.

या पाच कसोट्यांवर कोणताही धंदा तपासता येतो. कारखान्याने मुकादमाकडे बोट दाखवून हात झटकू नयेत. ज्याच्या गव्हाणीत ऊस पडतो, त्याच्यावर तो तोडणाऱ्याची जबाबदारी आहे. प्रत्येक मजुराचे, स्त्रीचेही, नाव वेगळे नोंदवावे. मजुरी तिच्या हाती किंवा तिच्या खात्यात द्यावी. उचलीचा हिशेब लेखी असावा, वजनाची पावती मजुराला मिळावी, खाड्याचा दंड बंद करावा. तळावर पाणी, संडास, पाळणाघर आणि मुलांच्या शिक्षणाची सोय असावी. हे दान नव्हे, धंद्याचा खर्च आहे.

कायदाही याच बाजूचा आहे. संविधानाच्या 23 व्या कलमाने वेठबिगारीस मनाई केली. 1976 च्या कायद्याने वेठबिगारीचे कर्ज रद्द ठरवले आणि वेठबिगार ठेवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली. 1982 साली एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवणे ही सक्तीची मजुरीच होय. अशी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे नेता येते.

एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. आज आपल्यातलाही कोणी मुकादम झाला आहे, कोणाची वीटभट्टी आहे, कोणी बांधकामाचा ठेकेदार आहे. घरी बुद्धमूर्ती आहे, दारात निळा झेंडा आहे. पण भट्टीवरचा मजूर बाकीपोटी अडकवून ठेवला असेल, तर त्या घरात धम्म आला असे कसे म्हणावे? दीक्षेच्या 22 प्रतिज्ञांत अष्टांगिक मार्गाने चालण्याची प्रतिज्ञा आपण घेतली. सम्यक आजीविका त्याच मार्गाचे अंग आहे. ते अंग तोडून उरलेल्या सातांवर चालता येत नाही.

म्हणून येत्या पौर्णिमेस विहारात वंदना झाल्यावर दोन कामे करा. जे उचल घेतात त्यांनी आपला हिशेब शिकलेल्या मुलामुलींकडून वहीत उतरवून घ्यावा. जे दुसऱ्यास राबवतात त्यांनी पाच कर्तव्ये स्वतःला विचारावीत आणि जेथे उत्तर 'नाही' येईल तेथे दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती करावी. पंचशील ओठांवर आहे, ते व्यवहारात उतरू द्या.

भवतु सब्ब मंगलं.