मुक्या जिवाची नोंदवही

ज्याला आपले दुखणे सांगता येत नाही, त्याची शुश्रूषा किती करावी आणि कोठे थांबावी? उल्हासनगरच्या कॅम्प १ मधील आमच्या घरात चौदा वर्षे वावरलेल्या कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होत चालली आहेत. त्यामुळे या प्रश्नाचा विचार करणे आम्हांला भाग पडले.

हा आजार चोरपावलांनी येतो. मूत्रपिंडांची सुमारे तीन चतुर्थांश कार्यशक्ती गेल्यावरच रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसते. जनावर पाणी अधिक पिते, वारंवार लघवी करते. पुढे भूक मंदावते, वजन उतरते, उलट्या होतात. गेलेली शक्ती परत येत नाही. फॉस्फरस कमी असलेले अन्न, मळमळीवर औषध आणि कातडीखाली सलाईन, एवढ्याने उरलेले दिवस सुसह्य होतात. घरात लघवी करतो म्हणून त्याचे पाणी तोडणे हा मात्र अन्याय होय. त्याची तहान ही खोड नव्हे, गरज आहे.

परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचे रुग्णालय जुने आहे. परंतु शहाडहून तेथवरचा प्रवास आजारी जनावराला सोपा नाही. रोजची देखभाल घरीच करावी लागते. म्हणून आम्ही नोंदवही ठेवली आहे. सकाळी मापून ठेवलेले पाणी संध्याकाळी किती उरले, किती घास खाल्ले, उलटी झाली काय, आठवड्याचे वजन किती, हे सारे तीत लिहिले जाते. मुक्या जिवाची भाषा आम्हांला एवढीच कळते.

शेजारी विचारतात, माणसांना औषध मिळत नसता कुत्र्यावर खर्च कशाला? आक्षेप क्षुल्लक नाही. जनावरांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे सांगणारा कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ, माणसांच्या दुःखनिवारणासाठी प्रथम खर्चावयाचा पैसा जनावरांवर उधळू नये, असेही बजावतो. दोन्ही वचने आम्हांला मान्य आहेत. खर्चाला मर्यादा हवी. मात्र स्वच्छ पाणी, कोरडे अंथरूण आणि थोडे लक्ष यांनी कोणा गरिबाचा घास हिरावला जात नाही. म्हाताऱ्या जनावराला रस्त्यावर सोडून देणे ही काटकसर नव्हे, कृतघ्नता आहे.

खरा पेच शेवटी येतो. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनांनी तळमळत होते. उपाय खुंटल्यावर गांधीजींनी सुई टोचवून त्याचा अंत घडवून आणला. त्यावर मोठे वादळ उठले. माणसाच्या बाबतीत असा निर्णय आम्ही कधीच मान्य करणार नाही. जनावराच्या बाबतीत मात्र प्रश्न उरतो : आपल्या कृतीने कोणाचे दुःख संपते? विरह सोसवत नाही म्हणून सुया टोचीत राहिलो, तर ती आमची सोय. फरशी पुसून कंटाळलो म्हणून त्याला संपविले, तर तीही आमचीच सोय.

आकडेही फसवितात. क्रिएटिनिन थोडे उतरते, पण जनावर उठत नाही. म्हणून वहीत आम्ही आणखी एक रकाना आखला आहे : आज तो आपणहून दारापर्यंत आला काय? हाक ऐकून शेपटी हलली काय? ज्या आठवड्यात 'नाही'ची संख्या 'होय'हून वाढेल, त्या आठवड्यात डॉक्टरांशी शेवटाविषयी बोलावे, असे आम्ही घरात मिळून ठरविले आहे. तो निर्णय आमच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर सोडू नये, एवढे तरी त्याचे आमच्यावर ऋण आहे.